407 ची चेसी केबिनमागे चिरली, हौद्याच्या फळ्याही कुजल्या. पट्टी मारू की काय करू?

पांदणवाला | 14 मे, रात्री 9.52

राम राम मंडळी. गाव आर्णी तालुक्यात. गाडी टाटा 407, 2006 ची, माझ्याकडे 2015 पासून. दिवाळी ते होळी कापूस जिनिंगला, उन्हाळा संपता संपता खत, मधे जे मिळेल ते. सरकी ढेप, गिट्टी, एकदा तर अख्खं वऱ्हाड. (वऱ्हाडावरून उपदेश नको, घरी झाला आहे.)

मागच्या आठवड्यात युरियाची पोती उतरवताना हमालाचा पाय फळीतून आरपार खाली गेला. पोटरी सोलली, हाड वाचलं. म्हणून हौदा उघडला. वरचा पत्रा उचकटला तर खाली फळ्या नव्हत्याच, ओला भुसा होता. दोन आडवे चॅनल तर हातोडीच्या एका टोल्यात पापडासारखे तुटले. ते काढले आणि खरं दुखणं दिसलं.

ड्रायव्हरच्या बाजूची चेसी, केबिन संपून हौदा सुरू होतो बरोबर तिथं. चार वर्षांपूर्वी तिथं बारीक चीर होती. तेव्हा एका वेल्डरनं बाहेरून चौकोनी पट्टी ठेवून चारही बाजूंनी गच्च वेल्डिंग मारून दिलं होतं. ती पट्टी आजही शाबूत आहे. तडा पडलाय तो पट्टीच्या कडेला, वेल्डिंगला चिकटून. खालच्या फ्लँजमधून (चॅनलची आडवी पाती) वर चढलाय, बोटभर.

आता दुसरा एक जण म्हणतो, याच्यावर 10 एमएमची पट्टी मारू, "मंग पाहा कशी तुटते". मला ते पटत नाही, पण का पटत नाही हेही सांगता येत नाही. मृगाच्या आधी गाडी रस्त्यावर पाहिजे. सांगा.

उगाचच | 14 मे, रात्री 10.05

आधी हे सांगा, हमालाला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का?

पांदणवाला | 14 मे, रात्री 10.08

त्याच दिवशी. पंधरा दिवसांची मजुरीही दिली.

ठिणगी | 14 मे, रात्री 11.20

भाऊ, 10 एमएमची पट्टी मारू नका, हात जोडतो. यवतमाळ रोडवर सव्वीस वर्षं झाले वेल्डिंगचा होल्डर हातात हाये. तुमच्यासारख्या चेश्या दर साली येतात, अन् निम्म्याच्या वर जुन्या पट्टीच्या कडेलेच तुटलेल्या असतात.

वखराच्या दांडीले मधात लोखंडी पट्टी आवळून पाहा. दांडी पट्टीखाली कधीच मोडत नाई, पट्टी जिथं सरते तिथं मोडते. तसंच हे. चेसी म्हणजे शिडी हाये, ते वाकाले-पिळाले पाहिजे म्हणूनच तशी बनवली. तुमची गाडी पांदणीतून निघते, एक चाक धुऱ्यावर अन् एक चाकोरीत. तेवढा पीळ चेसी पूर्ण लांबीत वाटून घेते. तिच्यावर जाड तुकडा ठोकला की तेवढा भाग गप बसते अन् सगळा पीळ त्याच्या काठावर येते. त्यात काठावर आडवं वेल्डिंग म्हणजे कागद फाडाच्या आधी नखानं घडी घातल्यासारखं झालं.

जुनी पट्टी पूर्ण काढा. ग्राइंडरनं, सावकाश. गॅस कटर लावू नका, चेसीले घाव पडते. खाली काय निघते ते सांगा, मंग पुढचं.

मास्तर_मेकॅनिकल | 15 मे, सकाळी 7.15

ठिणगी यांनी दोरी बरोबर धरली. आयटीआयमध्ये शिकवतो, म्हणून थोडं फळ्यावर काढल्यासारखं सांगतो, सांभाळून घ्या.

चेसीचा लांब चॅनल इंग्रजी सी अक्षरासारखा. वरचा फ्लँज, खालचा फ्लँज, मधली उभी भिंत. पुढचं आणि मागचं चाक यांच्यामध्ये माल बसला की चॅनल खाली झुकतो. वरचा फ्लँज दाबला जातो, खालचा ताणला जातो. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे हौद्याची शेपटी लोंबते, तिथं उलटं: वरचा ताणात, खालचा दाबात. तडा नेहमी ताणाच्या बाजूनं सुरू होतो. तुमचा केबिनमागे खालून वर चढलाय, म्हणजे पुस्तकाप्रमाणेच वागलाय.

उभ्या भिंतीच्या मध्यावर ताणही नाही, दाबही नाही. म्हणून भोक पाडायचंच असेल तर तिथं. फ्लँजला भोक कधीही नाही, मग टूलबॉक्स टांगायचा असो की स्टेपनीचा पिंजरा. मी जेवढ्या चिरलेल्या चेश्या पाहिल्या, त्यातल्या कित्येकांत तडा अशाच एखाद्या "छोट्याशा" भोकातून निघालेला होता.

आणि एक. डोळ्याला दिसतो त्याच्यापुढे तडा गेलेला असतो. टोक सापडल्याशिवाय वेल्डिंग म्हणजे विहिरीला झाकण लावून पाणी आटलं म्हणणं. रंग खरवडा, रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. तड्यात शिरलेलं रॉकेल पुडीवर ओली रेघ काढतं.

संत्राबाग | 15 मे, सकाळी 8.40

मास्तर, रॉकेल आता कोणत्या रेशनवर मिळतं ते सांगा, आम्हीही रांगेत उभे राहू.

मास्तर_मेकॅनिकल | 15 मे, सकाळी 8.51

खरं आहे. डिझेलवर भागवा, जरा जास्त वेळ मुरू द्या. नाहीतर हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात तीन डब्यांचा पेनिट्रंट स्प्रे मिळतो: एक साफ करायचा, एक लाल, एक पांढरा. काम झाल्यावर मात्र तडा थिनरनं धुवून कोरडा करा. तेलावर वेल्डिंग केलं तर आत बुडबुडे राहतात.

वणीकर_टिपर | 15 मे, दुपारी 1.30

माझं मत वेगळं. चेसीला वेल्डिंगच लावू नये. कोळशावर दोन टिपर चालवतो. कंपनीनं चेसी रिबिटनं जोडली ती काय हौस म्हणून? चांगला पोलाद तापवला की वेल्डिंगच्या बाजूची पट्टी नरम पडते, आणि पुढच्या वेळी तिथूनच जाते. आतून एल-अँगल घाला, बोल्ट मारा, विषय संपला. टिपर उतारावर उभा करून हौदा उचलला तेव्हा माझ्या गाडीची चेसी मागच्या कमानीच्या (पाट्यांच्या स्प्रिंगच्या) ब्रॅकेटपाशी फाटली होती. बोल्टवर पाच वर्षं झाली.

ठिणगी | 15 मे, दुपारी 3.05

वणीकर भाऊ, अँगल बोल्टनं लावा, मी नाई म्हणतच नाई. पण खालचा तडा तसाच उघडा ठेवून? तो काय बोल्ट पाहून थांबते? तडा भरावाच लागते, मंग त्याच्यावर आतून अँगल. दोन्ही पाहिजे.

वणीकर_टिपर | 15 मे, दुपारी 3.40

भरावा लागतो, मान्य. पण कोण भरतो त्यावर आहे. हार्डवेअरच्या दुकानातलं उघडं पाकीट, ओलसर 6013 रॉड आणि दिव्यासारखं व्होल्टेज, यावर भरलेल्या तड्यापेक्षा न भरलेला बरा.

ठिणगी | 15 मे, दुपारी 3.44

याच्यावर भांडणच नाई. 7018 रॉड पाहिजे, अन् तोही भट्टीत वाळवलेला. 7018 चं सगळं मोल तो कोरडा हाये तोवरच. ओला 7018 म्हणजे महागाचा 6013.

सुतारपक्षी | 15 मे, रात्री 9.10

चेसीवाले चेसी पाहतील, मी हौद्याचं बोलतो. वडिलांपासून बॉडीचं काम आहे.

तुमच्या फळ्या ओझ्यानं मेल्या नाहीत, पत्र्यानं मेल्या. लाकडावर पत्रा ठोकला की लोकांना वाटतं संरक्षण झालं. होतं उलटं. खिळ्याच्या भोकातून पाणी आत जातं आणि वरून ऊन लागत नाही, मग ते सुकणार कधी? त्यात तुम्ही खत वाहता. फाटक्या पोत्यातला दाणा फटीत पडतो, हवेतली ओल ओढतो, आणि खालचं लोखंड बाराही महिने ओलं राहतं. मिठाच्या गाड्यांचं हेच. चॅनल वरून गंजत नाही, फळी जिथं टेकते तिथं गंजतो, म्हणून दिसत नाही.

वजनाचा हिशेब ऐका. 10 बाय 6 फुटांचा हौदा म्हणजे साडेपाच चौरस मीटर. सव्वा इंची बाभळीच्या फळ्या टाकल्या तर अंदाजे 140 किलो. 3 एमएमची चेकर प्लेट टाकली तरी तेवढंच, 140 च्या घरात. म्हणजे दोन्हींपैकी एकच. तुम्ही दोन्ही वाहत होता. खताच्या तीन पोत्यांएवढं ओझं रोज फुकट, भाडं शून्य.

खत आणि गिट्टी असेल तर मी प्लेट म्हणेन. पण खाली आडवे चॅनल फूट-सव्वा फुटावर हवेत, नाहीतर प्लेट ढोलकीसारखी वाजते आणि चार महिन्यांत टाके सुटतात. नुसता कापूस आणि संत्री असती तर लाकूडच. सागाचं नाव काढू नका, बल्लारशाच्या डेपोतला भाव ऐकूनच गाडी पंक्चर होते. वाळलेली बाभूळ पुरे. ओली घेतली तर सहा महिन्यांत फटीतून तूर सांडेल.

आणि हौद्याची ती लांब वासली, जी चेसीवर बसते, तिचं पुढचं टोक कसं कापलंय ते पाहून सांगा. काटकोनात की उतरतं?

संत्राबाग | 15 मे, रात्री 9.35

सुतारभाऊ, आमच्या वरुडकडं अंबिया बहाराच्या हंगामात नुसतं क्रेटच्या रसानं पत्रा खाल्ला जातो. आंबट पाणी. दर खेपेनंतर धुतो, तरी.

पांदणवाला | 18 मे, रात्री 8.30

काल-परवा दोन दिवस ग्राइंडर चालला. जे निघालं ते लिहितो.

पट्टीखाली जुना तडा जसाच्या तसा होता. भरलाच नव्हता, वरून नुसता झाकला होता. म्हणजे आता दोन तडे. नव्याला डिझेल-खडू केलं. डोळ्यांना बोटभर दिसत होता, पुडीवर ओली रेघ उमटली ती जवळजवळ दीड बोट. उभ्या भिंतीच्या निम्म्यापर्यंत. मी बराच वेळ तिथंच बसून राहिलो. याच गाडीवर मार्चमध्ये कापूस भरून घाट उतरलो होतो.

सुतारपक्षी, वासलीचं टोक काटकोनात, करवतीनं कापल्यासारखं सरळ. आणि तडा बरोबर त्याच्याखाली! वासली आणि चेसीमधली लाकडी पट्टी पिचून कागदासारखी झाली होती. हौदा चेसीला आवळणारे पुढचे दोन्ही यू-क्लॅम्प हातानं फिरत होते.

सुतारपक्षी | 18 मे, रात्री 8.50

सापडला चोर.

माल वासलीवर बसतो, वासली चेसीवर. टोक उतरतं असेल तर भार हळूहळू सुरू होतो. काटकोनात असेल तर छिन्नीसारखं एकाच रेषेवर बसतं. त्यात क्लॅम्प ढिले, म्हणजे दर खड्ड्याला हौदा उचलून आपटतो. तुमच्या चेसीवर नऊ वर्षं घण पडत होता. टोक खालून फूटभर लांबीत उतरतं कापा. मधे नवी लाकडी पट्टी, सलग, तुकडे नाहीत. क्लॅम्प नवे. आणि क्लॅम्प जिथं आवळाल तिथं चॅनलच्या पोटात लोखंडी आडणा द्या, नाहीतर आवळताना फ्लँज आत दुमडतो.

मास्तर_मेकॅनिकल | 18 मे, रात्री 9.30

वेल्डिंगच्या आधी चेसी सरळ आहे का तेही बघा. सपाट जागी गाडी उभी करा. चेसीवरच्या चार सारख्या जागांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं खुणा करा आणि दोरीनं दोन्ही कर्ण मोजा. फरक मोठा असेल तर आधी सरळ करून घ्यावी लागेल. वाकडी चेसी वेल्ड केली तर ती कायमची वाकडी, आणि मग टायर खाते.

चौकशीखिडकी | 19 मे, सकाळी 10.15

वेगळा मुद्दा, पण महत्त्वाचा. ग्राइंडर फिरवण्याआधी चेसी नंबर कुठं ठोकलाय ते बघून त्यावर चिकटपट्टी लावा, फोटो काढून ठेवा. नंबर घासला गेला तर पासिंगला जो ताप होतो तो तड्यापेक्षा मोठा. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी पासिंग आहे. दुरुस्ती करा, पण चेसी लांबवणं, हौदा रुंद करणं असलं काही त्याच खर्चात उरकू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठीच आहे. जादा वजनाचा दंड तर माहीतच असेल: 2019 पासून 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000.

पांदणवाला | 19 मे, दुपारी 12.40

नंबर सुखरूप आहे. कर्ण मोजले, फरक 4 एमएम.

मास्तर_मेकॅनिकल | 19 मे, दुपारी 12.55

एवढा दोरी धरण्यातच येतो. पुढे चला.

ठिणगी | 19 मे, रात्री 10.40

आता ऐका. गाडी माझ्याकडं आणा म्हणत नाई, लांब पडते. जो करीन त्याच्यापाशी उभं राहा.

बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, अल्टरनेटरचीही. तुमच्या गाडीत कंप्युटर नाई, पण बीएस-4 अन् त्यानंतरच्या गाड्या असतील त्यांनी ईसीयूचा, म्हणजे त्या कंप्युटरचा, सॉकेटही उपटावा. डिझेल टाकी खोलून बाजूले. ब्रेकचे पाइप अन् वायरिंग त्या जागेपासून सोडवून बांधा. आर्थिंगचा चिमटा तड्याच्या वीतभर अंतरात, घासून चकचकीत केलेल्या जागी. पाट्यावर, ॲक्सलवर कधीच नाई. करंट बेअरिंगमधून गेला की बेअरिंग खाते, अन् कमानीच्या पाट्यावर नुसती ठिणगी पडली तरी पाटा तिथंच तुटते.

चेसीखाली दोन्हीकडून घोड्या लावा. तड्यापाशी जॅकनं हलकं वर घ्या, तोंड मिटेपर्यंत, त्याच्यावर नाई. टोकाच्या थोडं पुढं 6 एमएमचं भोक. मंग ग्राइंडरनं व्ही खाच, पार बुडापर्यंत. खाच करताना पातळ काळी रेघ दिसत राहते. ते दिसनं बंद होईस्तोवर तडा संपला नाई. मागून तांब्याची पट्टी धरा, पाणी व्हयलं की तिले चिकटत नाई. पहिला हात 2.5 चा रॉड, वरचे 3.15. दर हातानंतर खवला (वरचं जळकं कवच) पूर्ण झाडा. दोन्ही तडे असेच. शेवटी भोकही भरा.

अन् झाल्यावर ओलं पोतं टाकू नका! आमच्याकडं ते लय वाईट वळण हाये. तापलेला पोलाद पाण्यानं विझवला की काचेसारखा होते. आपोआप थंडा होऊ द्या. मे महिन्याचा हा एकच उपयोग.

मंग घासून सपाट करा. डिस्क चेसीच्या लांबीत फिरवा, आडवी नाई. आडवे ओरखडे म्हणजे नव्या तड्याचं बियाणं.

आतून अँगल, चेसीच्या पत्र्याएवढाच जाड, जास्त नाई. दोन्ही तड्यांच्या पलीकडं चेसीच्या उंचीच्या दुप्पट तरी जाऊ द्या. टोकं तिरपी कापा. टोक वासलीच्या टोकाखाली नाई अन् क्रॉस मेंबरपाशीही (चेसीचे दोन लांब चॅनल जोडणारा आडवा) नाई. बोल्ट उभ्या भिंतीतच, वणीकर म्हणतात तसे.

वणीकर_टिपर | 19 मे, रात्री 11.02

बोल्ट 8.8 ग्रेडचेच. डोक्यावर आकडा कोरलेला असतो, नसेल तर दुकानदाराला परत द्या. भोक बोल्टच्या मापाचं, बोल्ट हलक्या हातोडीनं आत गेला पाहिजे. हातानं सुळकन गेला तर तो जोड हलणार. बाकी ठिणगीशी आज सहमत आहे, तारीख लिहून ठेवा.

पांदणवाला | 27 मे, रात्री 9.15

झालं. दिग्रसला एक जण सापडला, त्याच्याकडे रॉडची भट्टी होती. आधी भट्टी पाहिली, मग भाव विचारला. सकाळी सहाला सुरू करायचो, दहाला होल्डर हातात धरवत नव्हता. पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटं नुसतं काळ्या रेघेच्या मागे. ठिणगी, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही अर्ध्यातच खाच थांबवली असती. रेघ दिसेनाशी झाली, पुन्हा एक घासा दिला तर परत दिसली. तडा सरळ नव्हता, आत तिरपा गेला होता.

त्याचा पोरगा सवयीनं ओलं पोतं घेऊन आला. मी आणि त्याचा बाप एकदमच ओरडलो.

अँगल आतून, आठ बोल्ट. दुसऱ्या बाजूच्या चेसीवरही डिझेल-खडू करून पाहिलं, तिथं तडा नाही. तरी अँगल दोन्हीकडे लावला, एक बाजू ताठ आणि एक नरम नको म्हणून. वासलीचं टोक उतरतं केलं. पाच आडवे चॅनल नवे, बाकीचे घासून रेड ऑक्साईड. वर 3 एमएम चेकर प्लेट. फाळक्याजवळ प्लेटला बोटभर फट सोडली, धुतलेलं पाणी निघून जायला. खर्च विचारू नका, एका हंगामाचं खत वाहिलं.

सुतारपक्षी | 27 मे, रात्री 9.40

फट सोडलीत हे बेस. खालून जळकं ऑइल मारणार असाल तर रबरी बुशांपासून आणि ब्रेकच्या होजपासून लांब. रबर फुगतं.

पांदणवाला | 9 जून, रात्री 8.05

मृग लागला, पाऊस अजून हुलकावणी देतोय. चार खेपा झाल्या, दोन खताच्या, एक ढेप, एक गिट्टी. गिट्टी निम्मीच भरली. वेल्डिंगवर पांढरा रंग पातळ मारून ठेवलाय, चीर आली तर गंजाची रेघ लगेच दिसेल. अजून स्वच्छ आहे. यू-क्लॅम्प मात्र पहिल्या दोनशे किलोमीटरनंतरच अर्धा फेर ढिले निघाले, नवं लाकूड बसलं म्हणून असावं. आवळले. कालच्या खेपेनंतर पुन्हा पाहिले, हलले नाहीत.

तो हमाल परत आला. चढण्याआधी हौद्यावर दोनदा टाच आपटून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि मग पोतं घेतलं.

नवशिक्या_दारव्हा | 9 जून, रात्री 10.30

माझी 1109, केबिनमागे नाही, मागच्या कमानीच्या ब्रॅकेटपाशी वरच्या फ्लँजला केसासारखी रेघ आहे. रंगाची असेल का?

ठिणगी | 9 जून, रात्री 10.34

उद्या माल भरू नका. रंग खरवडा, डिझेल-खडू करा, फोटो टाका. नवीन धागा काढा.